पाण्यावरच्या घराची पाटी

"आई, पाटीवर नाव काय टाकू?" सईने फोनवर विचारलं आणि तिची आई अडखळली. प्रश्न काही अवघड नव्हता. तेहेतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने स्वतःचं नाव झोपेतसुद्धा सांगावं. पण एप्रिल सरत आलेला, दुपारचा दीड वाजलेला, वेवजीच्या शाळेच्या ऑफिसातला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता, आणि तिचं बोट डेडस्टॉक रजिस्टरातल्या 'पितळी घंटा, नग एक' या ओळीवर थांबून राहिलं. एकतीस मेला ती निवृत्त होणार होती. त्याआधी शाळेतली सतरंजी न् सतरंजी, नकाशा न् नकाशा दाखवून चार्ज द्यायचा होता. "कसली पाटी?" तिने विचारलं, ते नुसतं वेळ काढायला. "अगं, मालदीवला आपण राहू त्या घराच्या दाराबाहेर लाकडी पाटी लावतात ते लोक. पाहुण्याचं नाव कोरून. निघताना आपल्याला देऊन टाकतात, आठवण म्हणून. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. पासपोर्टवर आहे तसंच टाकते, बायजी. चालेल ना?" "नंतर सांगते," ती म्हणाली. तिकडे बंगळुरात सई हसली. "स्वतःचं नाव सांगायला नंतर कशाला लागतं गं तुला?" म्हणाली, आणि तिला मीटिंग होती म्हणून फोन ठेवला. इकडे ती उठली, माठातलं पाणी प्याली, परत येऊन बसली आणि पितळी घंटेसमोर बरोबरची खूण केली.

दोन महिने हे चाललं होतं. आईच्या निवृत्तीला सईने मालदीवची सहल ठरवली होती, मायलेकी दोघींची. सईचा बाप उमेश रेल्वेत, डहाणू रोडला बुकिंगच्या खिडकीत; त्याची नोकरी अजून बाकी आणि जूनमध्ये रजा मिळण्याची बोंब. सईने फोनवर तिघांचा ग्रुप काढला होता. त्यावर रोज निळं पाणी येई. इतकं निळं की उमेश म्हणाला, यात कुणीतरी नीळ टाकलीय. पाण्यात खांब रोवून बांधलेली घरं, घराच्या जमिनीत काच, काचेखाली मासे. नाश्ता तरंगत्या टोपलीत यायचा आणि तो पाण्यात उभं राहून खायचा. एकतीसला निरोप समारंभ झाला की रात्रीचं विमान, आणि एक जूनला, आईच्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला, समुद्राच्या मधोमध वाळूच्या एका पट्ट्यावर टेबल मांडून जेवण. हे सगळं ठरवायचं तर प्रश्नही पुष्कळ. उशी कुठली? सात प्रकारच्या उशा होत्या. अंघोळीच्या पाण्यात वास कसला? मालिश करायला बाई हवी की चालेल कुणीही? पाण्याखाली तोंड घालून मासे बघणार का? प्रत्येक प्रश्नाला ती लिहायची, तुला बरं वाटेल ते. सई चिडायची. "आई, तुला काय आवडतं ते सांग. तुझी ट्रिप आहे." मग ती शाळेतून आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि खरंच विचार करायची, आपल्याला कुठली उशी आवडते. तिला कसलीच उशी आठवायची नाही. डोळे मिटायचे आणि विचार तिथेच राहायचा. लोक म्हणतात कामाने माणूस दमतं. तिला तसं वाटत नव्हतं. काम तिने रोज केलं होतं आणि रोज संध्याकाळी उतरवून ठेवलं होतं. हा शीण वेगळाच, कधी न उतरवलेला.

माहेरी तिला शुक्री म्हणतात. शुक्रवारी जन्मली म्हणून शुक्री. वार ठाऊक, तारीख कुणालाच ठाऊक नाही. सईला वाटतं हे आईचं लाडाचं नाव आहे. पण नाव तेवढं एकच तिचं, म्हणून आपणही तिला शुक्रीच म्हणू. बायजी हे तिच्या मोठ्या बहिणीचं नाव. कासाच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या पाड्यावर एक मास्तर आला, त्याने घरोघर फिरून पोरांची नावं घातली आणि बापाने मोठीचं नाव दिलं. मास्तरने तिच्या तोंडाकडे, दातांकडे पाहून जन्मसाल ठरवलं आणि तारीख टाकली एक जून, सगळ्यांनाच टाकत होता ती. बायजी वर्षभर शाळेत गेली. मग घरात भाऊ झाला, आई अंथरुणाला खिळली, आणि पोराला कडेवर घ्यायला नि शेरडांमागे जायला कुणीतरी हवं म्हणून बायजी घरी राहिली. शाळेचा पट आधीच तोळामासा. त्यात तपासणीला साहेब येणार असं कळलं. पोरं कमी भरली तर शाळा उठेल, मास्तरची बदली होईल; मास्तर बापाकडे येऊन अंगणात डोक्याला हात लावून बसला. तेव्हा बाप म्हणाला, धाकटी रिकामीच हाय, तिला धाडतो. नाव हाये, झगा हाये, पाटी हाये. आदल्या दिवशी उन्हं उतरताना बायजीने तिला जवळ घेतलं आणि पाटीवर आपलं नाव काढून दाखवलं. बा, मग य, मग जी. ज च्या पोटात बायजी एक जादाची गाठ मारायची, तशी गाठ पुस्तकात नव्हती, पण शुक्रीने तीच शिकून घेतली. दहा वेळा, वीस वेळा. "उद्या साहेब बायजी म्हणंल," बहीण म्हणाली, "तर तू हजर म्हणायचं. माझ्याकडे बघायचं नाय." दुसऱ्या दिवशी साहेबाने नाव वाचलं. पाच वर्षांची शुक्री दाराकडे बघत राहिली, बहीण शेरडं घेऊन त्या दारावरूनच चालली होती. मास्तरने खाकरून घेतलं. मग शुक्री म्हणाली, हजर.

आज जा, उद्या नको, असं कुणी कधी म्हणालंच नाही. त्या दिवसापासून ती जातच राहिली. मास्तरने तिला पहिलीतच ठेवलं, मग दुसरीत घातलं, मग आश्रमशाळा, मग डी.एड., मग ही नोकरी. प्रत्येक कागदावर बायजी. पण नाव पुकारलं की ओ द्यायला तिला अर्धा श्वास उशीर व्हायचा, तो आजतागायत. मीटिंगमध्ये गटशिक्षणाधिकारी म्हणायचे, "मॅडम, लक्ष कुठे असतं?" ती माफी मागायची. लग्न ठरलं तेव्हा उमेशला तिने सगळं सांगितलं होतं. तो मनमोकळा माणूस. "मला बायको पाहिजे, सर्टिफिकेट नको," म्हणाला होता, आणि नंतर कधी विषय निघाला की म्हणायचा, "सरकारला शिकवणारी बाई हवी होती, सरकारला मिळाली. कोणाचं नुकसान झालं?" कोणाचं झालं ते दोघांनाही माहीत होतं. बहीण पाड्यावरच दिली, तिथेच तिची पोरं झाली, नवरा गेला. आता सगळे तिला लक्ष्याची आई म्हणतात, सई मावशी म्हणते आणि शुक्री नुसतं बाय म्हणते. नाव घ्यायची वेळ येऊ नये अशी सगळ्यांनी जणू सोय करून ठेवली होती. आणि गंमत अशी की शुक्री खरी पंचावन्नची. निवृत्ती बायजीच्या वयाने येत होती. मंडळी समारंभात म्हणणार, मॅडम अठ्ठावन्नच्या वाटत नाहीत. ती मनात म्हणायची, वाटते की. अठ्ठावन्नच्याही पुढची वाटते.

त्या 'नंतर सांगते'ने मात्र घात केला. तलासरीला एसटीची वाट बघताना, हायवेवरून कंटेनर जाताना, रात्रीचा भात लावताना, तिच्यापुढे ती लाकडी पाटी येऊन उभी राही. निळं पाणी, खांबावरचं घर, दार, आणि दारावर बहिणीचं नाव. आतापर्यंत ते नाव कागदांवर होतं. हजेरी, दाखला, पगारपत्रक, पासपोर्ट. कागद कामाचे असतात, कामासाठी उसनं घेतलं असं मनाला सांगता येई. पण हे काही काम नव्हतं. हे सुख होतं. सुख भोगायला बहिणीच्या नावाने जायचं, दारावर तिचं नाव लावून तिच्या वाढदिवसाचं जेवण जेवायचं, आणि ती इकडे चुलीपुढे. शनिवारी सईच्या सांगण्यावरून ती डहाणूला बाजारात टोपी घ्यायला गेली. दुकानातल्या गुजराती बाईने काचेवर पाच टोप्या मांडल्या आणि विचारलं, "बेन, क्यां जवाना?" शुक्री म्हणाली, "बहिणीकडे." दुकानदारीण टोपीकडे आणि तिच्याकडे बघत राहिली. शुक्रीने टोपी घेतलीच नाही. मीठ घेतलं, पाव किलो सुकट घेतली आणि घरी आली.

संध्याकाळी उमेश तिला समुद्रावर घेऊन गेला. दहा मिनिटांवर समुद्र, सुरूच्या झाडांपलीकडे. पण शाळा आणि स्वयंपाक यांतून ती वर्षातून दोनदा आली तर आली. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं आणि नेहमीसारखं मातकट. उमेश शेंगा सोलत म्हणाला, "बघ, हा फुकट. यात नीळ नाही एवढंच." ती हसली नाही, तेव्हा तो जरा गंभीर झाला. तिने सांगितलं, बायला घेऊन जायचं माझ्या मनात आहे. सई म्हणत होती तिसरा पलंग टाकून मिळतो. नाहीतर माझ्या जागी तीच जाऊ दे. उमेशने शेंगा खाली ठेवल्या. "पासपोर्ट?" "काढायचा. तातडीचा मिळतो." "आणि पोलीस चौकशीला आले की काय सांगशील? एका बापाच्या दोन बायज्या? एक मास्तरीण आणि एक शेतावरची?" तोच पुढे म्हणाला, "तुझी पेन्शनची फाईल पंचायत समितीतून पुढे गेलीय. तेहेतीस वर्षं पाणी स्थिर आहे, आता हात घालून कशाला ढवळतेस?" त्याचं काही चूक नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला. ती म्हणाली, "ढवळायचं नसतं तर मी आधीच सांगितलं असतं पोरीला, लिही बायजी म्हणून. तोंडातून येईना." त्याने मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाला, "जाऊन ये तिच्याकडे. पण सांभाळून." पेन्शन गेली तर काय, हा नेहमीचा हिशोब तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मांडला नाही. तिला फक्त एवढंच कळत होतं की उद्या संध्याकाळच्या आत काहीतरी खरं बोलावं लागणार, नाहीतर ती त्या निळ्या पाण्यात उतरू शकणार नाही.

रविवारी सकाळी कासाला उतरून तिने पाड्याकडे जाणारी जीप धरली. बाजार भरत होता. ज्या बँकेपुढे जीप उभी होती त्या बँकेकडे बघायचं तिने टाळलं, पण टाळलेलं तेच आधी दिसतं. सहा वर्षांपूर्वी तिथेच ती बहिणीला घेऊन खातं उघडायला आली होती. बायने शाईचा अंगठा लावला तो पुसट उठला. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. चिखलात रोपं लावून लावून अंगठ्याच्या रेघाच झिजलेल्या. रेशनच्या दुकानातलं यंत्रही तिचा अंगठा ओळखायचं नाही, चार-चार खेपा मारायला लावायचं. काउंटरवरचा पोरगा वैतागला. आणि शुक्रीला लाज वाटली, ती स्वतः शिक्षिका, साक्षरतेच्या वर्गांत पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्यांना सही शिकवलेली. त्या वर्गालाही ही बहीण कधी आली नाही, दरवेळी काहीतरी काम काढून बसली. तेव्हा रांगेतल्या दहा माणसांसमोर शुक्री म्हणाली होती, "तीन अक्षरांचं नाव आहे तुझं. एवढं लिहायला शिकली असतीस तर काय बिघडलं असतं?" बायने पदराने अंगठा पुसला आणि म्हणाली, "डोकंच नाय गं मला." घरी परतताना शुक्रीला वाटत राहिलं होतं, वर्षभर शाळेत गेलेली ही, मला नाव शिकवणारी ही, आणि स्वतः कशी विसरली. आता जीप हलली. मागे कोंबड्यांची टोपली, पुढे ड्रायव्हर गुजराती गाणं लावून बसलेला. तिने डोळे मिटून घेतले आणि शेरडांमागे जाणारी एक झग्यातली पोर तिला त्या दारात पुन्हा दिसली. आपण साहेबापुढे हजर म्हणताना बहीण नेमकी दारात थांबली होती की चालत होती, हे तिला एवढ्या वर्षांत कधी नक्की आठवलं नव्हतं.

बाय घरी नव्हती. तिची सून कमळी म्हणाली, "आत्या राबावर हाय," आणि चहा टाकायला आत गेली. शुक्री बांधावरून खाली उतरली. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून शेण, पाला, काटक्या पसरून पेटवतात तो राब. बायने पहाटे लावलेला जळून गेला होता आणि तुकडाभर जमिनीवर करडी राख मऊ होऊन बसली होती. कडेला ती उकिडवी बसून धुगधुगी राहिलेल्या जागा काठीने विझवत होती. नऊवारी कासोट्यापर्यंत खोचलेली, कोपरापर्यंत हात राखेचे. "आज कशी आलीस?" ती म्हणाली. "रविवारचं झोपायचं तर." शुक्री तिच्या शेजारी बसली, पायांतल्या चपला काढून. काय बोलायचं ते जीपमध्ये शंभरदा घोकलं होतं, ते सगळं राहिलं बाजूला. तिने फोन काढला आणि फोटो दाखवले. बायने हात न लावता, मान वाकडी करून पाहिले.

"पाण्यात कशाला बांधली घरं? जागा नव्हती?"

"तशीच बांधतात. लोकांना आवडतं."

"भात कुठं करतात?"

"करत नाहीत. सगळं बाहेरून येतं बोटीने."

"मग करतात काय दिवसभर?"

"झोपतात. पाण्याकडे बघतात."

"ते तर आमची म्हस पण करते," बाय म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता शुक्रीला भरून आलं. ती म्हणाली, "बाय, तू चल. माझ्याबरोबर नाहीतर माझ्या जागी. पोरीने ठरवलंय ते सगळं तुझ्या नावाने ठरवलंय. तिथे दारावर पाटी लावतात. त्यावर बायजी लिहिणार आहेत. मला ते लिहू द्यायला जमेना." बायने काठी बाजूला ठेवली. शुक्रीच बोलत राहिली, घाईघाईने, वर्गात तास संपत आल्यावर बोलते तशी. पासपोर्ट काढू, चौकशी झाली तर होऊ दे, मी खरं सांगेन, पेन्शनचं मी बघून घेईन. कागदावर सही लागते, तीही मी शिकवते तुला, आज बसून शिकवते, तीनच तर अक्षरं.

बाय तिच्याकडे बघत होती, लहानपणी पडल्यावर बघायची तशी. मग ती जरा पुढे सरकली, उजव्या हाताचं बोट राखेत टेकवलं आणि लिहिलं. बा. य. जी. सावकाश नाही, चाचपडत नाही, एका दमात. ज च्या पोटात जादाची गाठ होती. हीच गाठ शुक्रीने हजारो प्रगतिपुस्तकांवर मारली होती, डी.एड.ला हस्ताक्षराच्या बाईंनी दोन वर्षं तिच्या ज ला लाल खुणा केल्या होत्या आणि तिची सवय गेली नव्हती. राखेतल्या नावाकडे बघताना तिला आपलीच सही दिसली.

"तू विसरली नव्हतीस?"

"आपलं नाव कोण इसरतं?"

"मग बँकेत... रेशनला... मी एवढं बोलले तुला चारचौघांत."

"बोललीस," बाय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सांगायचं राहून गेलेलं सांगावं तसं ती सांगत होती. "तुझी सही सरकारात हाये. त्याच नावाची, त्याच वळणाची माझी गेली असती, तर कोणी साहेब दोन कागद शेजारी ठेवून बघता. बोलता, ही कोण आन ती कोण? तुझी नोकरी गेली असती. मास्तरनं मला तेव्हाच सांगितलं होतं, पोरी, हे नाव आता कुठं लिवू नको. मी नाय लिवलं. वर्गात तू शिकवायला आलीस तेव्हा पण वाटलं, बसली तर हात आपोआप चालंल. म्हणून आली नाय."

सरकारी कागदांचं शुक्रीला सगळं माहीत होतं. कासाच्या बँकेतल्या अर्जावरची सही कुठला साहेब वेवजीच्या शाळेतल्या हजेरीशी ताडून बघणार होता? एका नावाच्या बायका तालुक्यात ढिगाने सापडतील. बायने चारदा सोडून चारशेदा सही केली असती तरी कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पन्नास वर्षं, रेघा झिजून जाईपर्यंत, तिने जो अंगठा दिला होता तो कुणी मागितलाच नव्हता. हे शब्द शुक्रीच्या जिभेवर आले. शिक्षिकेला चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय राहवत नाही. तिने बायच्या अंगठ्याकडे पाहिलं, राखेने पांढरा झालेला, गुळगुळीत. आणि ते शब्द तिने गिळले.

"बरं केलंस, बायजी," ती म्हणाली. हे नाव याआधी दुसऱ्या कुणासाठी उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं.

बाय थोडी लाजली. नाव ऐकून तिने अर्धा श्वासही घेतला नाही, लगेच "हां" म्हणाली. मग म्हणाली, "मी नाय येत गं. राब झाला, आता नांगर, मग पाऊस. मला पाण्यावर झोप नाय लागायची. पण पाटीचं म्हणतेस तर लिवू दे त्यांना. मी नाय गेली, माझं नाव तरी विमानात बसंल. तेवढं दूर आमच्यातलं कोण गेलं?" तिने हाताने राखेवरचं नाव सपाट केलं, नेहमीच्या सवयीने, जसं उष्टं पुसावं. "कमळीनं चहा टाकलाय. चल."

दुपारी कासाच्या स्टँडवर डहाणूची एसटी लागायची होती. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. शुक्री पत्र्याखाली बाकावर बसली, आणि तिला पहिल्यांदा जाणवलं की तिचे पाय दुखतायत, नुसते पायच. तिने सईला फोन लावला. सईने आधी उशीचं विचारलं. "मऊ," शुक्री म्हणाली, "आणि अजून एक जाडसर, पायाखाली घ्यायला." सई म्हणाली, "अरे वा. आणि पाटीवर?"

"बायजी. देवनागरीत लिहितील का विचार. मी कागदावर लिहून फोटो पाठवते, तसंच कोरायला सांग. ज ला गाठ असेल, ती काढू नका म्हणावं."

"बरं. तुझी सहीच ना? आणि परत येताना ती पाटी आपल्या हॉलमध्ये लावू, टीव्हीच्या वर."

"नाही," शुक्री म्हणाली. "ती मावशीची आहे. तिला द्यायची."

"मावशीला? तुझ्या नावाची पाटी?"

समोर एसटी येऊन उभी राहिली आणि माणसं दाराशी गोळा झाली. शुक्रीने पिशवीतून पेन काढलं, जुन्या तिकिटाची पाठ मांडीवर धरली आणि पहिलं अक्षर लिहिलं. "सई," ती म्हणाली, "तुझ्या मावशीचं नाव काय आहे, ते तू मला कधी विचारलंच नाहीस."